खिडकीच्या खालचा ठिपका

"सहासष्ट," मास्तर म्हणाले आणि चहाच्या कपात नको तेवढं लक्ष घातलं.

समोर बसलेल्या लेकीनं आकडा टाकला. कॅल्क्युलेटर शाळेच्या कपाटातला होता, आलेख काढणारा. टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून त्याच्या पोटात घातले होते, त्यामुळे महिन्याभरापासून घरात टीव्ही मुका आणि हे यंत्र बोलकं. पडदा तळहाताच्या निम्मा, करड्या रंगाचा. त्यावर पाच ठिपके होते, सहावा उगवला. वर, उजवीकडे.

"चढल्या," लेक म्हणाली.

"चढल्याच की."

चढत होत्या त्या तिच्या आईच्या रक्तातल्या पेशी, रक्त थांबवणाऱ्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात किती, ते हजारांत मोजतात. धडधाकट माणसाच्या अंगात दीड लाखाच्या पुढे असतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. आतल्या खोलीत पडलेल्या बाईंच्या अंगात त्या एकेचाळीस हजारांवर आल्या, तेव्हापासून दर आठवड्याला घरी येऊन कोणीतरी रक्त घेऊन जाई आणि शाळेतून येताना मास्तर आकडा घेऊन येत. एकेचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, त्रेपन्न, एकोणसाठ. आणि आज सहासष्ट.

लेकीची अट घरातल्या सगळ्यांना पाठ होती. उद्या सकाळच्या गाडीनं तिनं परीक्षेच्या शिबिराला जायचं होतं, दुसऱ्या गावी, परीक्षा होईपर्यंत घरी येणं नाही. आई म्हणाली होती, "जायचंस. माझ्या उशाशी बसून पुस्तक उघडशील आणि माझंच तोंड वाचत बसशील." लेक म्हणाली होती, "पेशी चढत असतील तर जाईन. नाहीतर परीक्षा गेली उडत." आईवर गेलेली पोरगी. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा फळा उलटा टांगून शिकवणं सोपं.

मास्तरांना शाळेत 'कंपास' म्हणत. त्यांनी नुसत्या हातानं काढलेल्या वर्तुळावर एकदा एक माशी बसली आणि उतरायला टोक सापडेना म्हणून शाळा सुटेपर्यंत गोल फिरत राहिली, असं पोरं शपथेवर सांगत. गणितात हा माणूस वाघ. पण आयुष्यात थर्मामीटर हातात धरलेला नाही. मोजमाप, प्रयोग, सांडलवंड हे सगळं त्यांच्या बायकोचं. बाई त्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या, प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती. आणि म्हणूनच, खोटे आकडे तयार करायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी ते गणितात करतात तसे केले.

पहिला तेवढा खरा होता.

लेकीनं दोन बटणं दाबली. यंत्रानं ठिपक्यांतून एक वक्र ओढला आणि खाली तो ठिपक्यांवर किती नेमका बसला त्याचा आकडा दिला. एक म्हणजे तंतोतंत. खऱ्याखुऱ्या मोजमापात तो कधी पुरता एक येत नाही, पॉइंट नऊ काहीतरी येतो आणि माणसं पेढे वाटतात.

"बाबा, एक आलाय."

"बघ म्हणजे."

"पुरता एक."

मास्तरांनी कप खाली ठेवला. बशी वाजली.

लेकीनं बोट पडद्यावर ठेवलं आणि ठिपक्यामागून ठिपका पुढे नेलं. दोन-दोन ठिपक्यांमधला फरक ती पुटपुटत होती, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता. "तीन. चार. पाच. सहा. सात."

मास्तरांना एक दुपार आठवली. पाणी थंड कसं होतं त्याचा प्रयोग होता, आणि एका टोळक्यानं प्रयोग न करताच जर्नलं भरली होती. बाईंनी त्यांचे आकडे ह्याच जातीच्या यंत्रात घातले, वक्र पाहिला आणि विचारलं, "पाणी एवढं आज्ञाधारक असतं होय रे?" त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांत जास्त हसले होते ते मास्तर.

"खरा किती?" लेकीनं विचारलं.

"अगं, तोच—"

"बाबा."

मास्तरांनी बाहेर पाहिलं. समोरच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं. झटकून झाली, घडी घालून झाली, माणूस आत गेलं.

"एकोणीस," ते म्हणाले.

लेकीनं सहासष्ट खोडून एकोणीस टाकलं. पडद्यावर पाचच ठिपके राहिले.

"घेतलं नाही वाटतं त्यानं," मास्तर म्हणाले. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पण हे म्हणताना त्यांच्या आवाजात चक्क आशा होती.

"घेतलंय. खिडकीच्या खाली गेलाय."

ह्या यंत्राची ही एक खोड. तुम्ही सांगाल तेवढ्याच खिडकीतून ते जग दाखवतं. ठिपका खिडकीबाहेर पडला तर ओरडत नाही, दिवा लावत नाही, गप्प बसतं. सांगाल तो वक्र काढून देतं आणि आकडे कुठून आणलेस म्हणून विचारत नाही. मास्तर दर वर्षी पहिल्याच तासाला हे मुलांना सांगत, आणि मुलं दर वर्षी विसरत.

लेकीनं खिडकी खाली ओढली. तळाशी, कोपऱ्यात, ठिपका दिसला. बाकीच्यांपासून इतका लांब की दुसऱ्याच कोणाच्या गणितातला वाटावा.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जिन्यात गाठलं त्यांनी मला." मास्तरांनी बशी सरळ केली. "घरची माणसं घरी राहू देत म्हणाले."

"आणि तुम्ही मला गाडीत बसवत होतात."

"तिला तेवढंच हवंय गं. तिच्यापायी तुझं वर्ष जाऊ नये."

"म्हणजे खोटे आकडे सांगायला आईनं सांगितलं?"

"नाही. ते डोकं माझं."

"ते दिसतंयच."

मास्तर हसणार होते. जमलं नाही. लेकीचंही नाक लाल झालं होतं, पण रडायला बसली नाही ती. ओढणीच्या टोकानं पडदा पुसला, एकोणीस खोडलं आणि जरा विचार करून दुसरा आकडा टाकला.

"छप्पन," ती म्हणाली. "एकोणसाठवरून छप्पन. थोड्या उतरल्या. आई घाबरायची नाही, आणि मला न जायला कारण मिळेल. अट माझीच आहे ना? चढत असतील तर जाईन म्हटलं होतं. उतरल्या."

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. सहावा ठिपका वक्राच्या जरा खाली, जरा अवघडलेला, दुखऱ्या पायाच्या माणसासारखा बसला होता. इतका खरा ठिपका त्यांना जन्मात काढता आला नसता. पोरीचा अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून लाजही वाटली.

आतून बाईंचा आवाज आला. "काय म्हणतंय गं ते डबडं?"

दोघं आत गेले. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. त्यांनी यंत्र हातात घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेलं.

"छप्पन," लेक म्हणाली. "थोड्या उतरल्या गं. मी काय म्हणते, ह्या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी देते परीक्षा. कुठं पळून चाललीय ती?"

बाईंचा अंगठा एकेका ठिपक्यावरून पुढे सरकत होता. सहाव्यावर थांबला. ओठ हलू लागले तसे मास्तर पुढे झाले, पलंगाचा कठडा धरला. रडतायत असं त्यांना वाटलं.

बाई हसत होत्या.

"अहो, जवळ या. तुमची माफी मागायचीय."

"कसली माफी?"

"महिनाभर मी तुमच्यावर संशय घेतेय. म्हटलं, हा माणूस आकडे घरी बनवतोय." त्यांना दम लागला. थांबल्या, पण हसू थांबलं नाही. "तीन, चार, पाच, सहा. एकदा म्हणून पाऊल चुकत नाही. माझं रक्त आहे की तुमचं फळ्यावरचं उदाहरण? आज सहासष्ट म्हणाल असं धरूनच बसले होते मी. सहासष्ट म्हणाला असतात ना, तर मी एक अक्षर बोलले नसते. भिंतीकडे तोंड केलं असतं, बस्स."

"आई—"

"थांब गं. छप्पन! खोटं बोलणारा माणूस कशाला खाली आणेल? तेही ह्यांच्यासारखा? ह्यांना तर वाकडी रेघ सहन होत नाही." त्यांनी यंत्र छातीशी धरलं. "म्हणजे मागचे सगळे खरे होते. आणि मी वेडी, मनातल्या मनात सगळं आवरून बसले होते. माझी पुस्तकं कोणाला, माझ्या साड्या कोणाला."

लेकीनं पलंगाच्या कडेला बसून आईची चादर सारखी केली.

"आणि तू कसली राहतेस? एकेचाळीसवरून छप्पन, ह्याला उतरणं म्हणतात होय? एका ठिपक्यावरून निष्कर्ष काढतात? प्रयोगशाळेत असतीस तर बाहेर उभी केली असती तुला." बाईंनी बाह्या वर सारल्या. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग होते, काही जुने पिवळे पडलेले, काही कालचे. त्यांनी त्या डागांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांवरून हात फिरवून म्हणाल्या, "रक्त घेणाऱ्याचा हातच जड आहे मेल्याचा. बांधाबांध झाली का तुझी?"

"थोडी राहिलीय."

"मग कर जा. उद्या मी पण येते गाडीवर सोडायला."

"तू?" मास्तर म्हणाले.

"का? रिक्षानं दारात, रिक्षानं परत. तेवढं जमेल आता. अहो, माझ्या चपला कुठं टाकल्यात तुम्ही?"

लेकीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं असतं, पण ते तोवर गुडघ्यांवर बसले होते. पलंगाखाली अंधार होता. हात घालून त्यांनी औषधांची रिकामी खोकी बाजूला केली, एक ट्रंक सरकवली. चपला भिंतीला लागून होत्या. पट्टे वाळून कडक झाले होते आणि तळव्यांवर धुळीचा थर बसला होता. त्यांनी एक पुसली, मग दुसरी, मग परत पहिली.

"बाबा," वरून लेकीचा आवाज आला, अगदी साधा. "सापडल्या का?"

दोन्ही चपला त्यांच्या हातात होत्या.

"शोधतोय," मास्तर म्हणाले.