माजघरातली नदी

मंगळवारी सकाळी नदी सुलभाच्या घरातून वाहू लागली. वीतभरच रुंद होती. ओट्याखालून निघून, माजघर ओलांडून ती मागच्या दारानं बाहेर पडत होती. नवरा, हेरंब, पलीकडे चहा पीत बसला होता. सरहद्दीवरच्या या नदीची पातळी मोजणं हीच त्याची नोकरी. त्याला नवल वाटलं नाही.

दहा वाजता सीमा खात्याचे पेंडसे आले आणि त्यांनी काठाकाठानं चुन्याची रेघ ओढली.

“करारच तसा आहे, वहिनी. नदी सरकेल तशी सीमा सरकते. हेरंबराव आता परदेशात आहेत.”

“अहो, पण त्यांचा डबा?”

“परवाना आल्याशिवाय काही देऊ नका.”

हेरंब हसला. “मीच येतो एका ढांगेत,” म्हणत त्यानं पाय उचलला. नदी तेवढीच रुंद झाली. त्यानं पाय मागे घेतला.

डाळ-तांदळाचे डबे त्याच्या बाजूला राहिले होते, गॅस तिच्या. बुधवारी तिनं तांदूळ मागितले.

“आधी गॅस,” तो म्हणाला.

“अहो, असं काय बोलता?”

“इकडून बघितलं की तसंच वाटतं.”

तिला राग आला. तिनं गॅस दिला नाही. दोघंही उपाशी राहिले.

गुरुवारी त्यानं काठावर ट्रंका रचल्या. त्या बघून तिनं आपल्या काठावर कपाट आडवं केलं. माजघर लांबत चाललं होतं. पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख तिला वाचता येईना. शुक्रवारी घाबरून तिनं हाक मारली. “मी देते गॅस, तुम्ही या!” उत्तर आलं. आवाज हेरंबचाच होता, पण एक शब्दही तिला कळला नाही.

रविवारी दुपारी पेंडसे कागद घेऊन आले.

“पलीकडच्या इसमाला मी ओळखत नाही, एवढं लिहून द्या.”

“माझा नवरा आहे तो.”

“त्यांनी कालच लिहून दिलंय.”

तिनं पेंडशांच्या गळ्यातली दुर्बीण ओढून घेतली आणि कपाटावर चढली. दूरच्या काठावर हेरंब जेवायला बसला होता. भातातून वाफ निघत होती. समोर पाठमोरी बाई बसली होती. तिच्या अंगावर सुलभाचंच जांभळं पातळ होतं. हेरंबनं काहीतरी सांगून नदीकडे बोट दाखवलं.

ती बाई हळूहळू मान वळवू लागली.