पाहुणीचा पाट

मुठीतली मोहरी महानंदा तापल्या तेलात टाकणार, तेवढ्यात सासूबाईंनी स्टोव्हची चावी सैल केली. हवा फुस्सकन निघून गेली.

"फोडनी न्हाय द्यायची. बाई आल्यात घरात."

"आत्या, गोवर आहे तो. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"नाव घिऊ नगंस. आनि डॉक्टरचं औषध दे की. मी कुटं नको म्हनले?"

कस्तुराबाईंनी नातीच्या, गौराच्या, अंथरुणाशेजारी बाईंना बसायला पाट मांडला. त्यावर कडुलिंबाचा डहाळा ठेवला, शेजारी पाण्याचा तांब्या.

महानंदानं प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. विषाणूला बसायला पाट, या कल्पनेचं एरवी तिला हसू आलं असतं. पण तीन वर्षांच्या गौराचं अंग लालभडक झालं होतं, डोळे चिकटले होते, आणि डॉक्टर बजावून गेले होते, "छातीकडे लक्ष ठेवा. धाप लागली तर थांबू नका, घेऊन या." महानंदा लक्ष ठेवत होती. थर्मामीटर झटकायचा, लावायचा, उजेडात तिरका धरायचा, पुन्हा झटकायचा. जेवतानासुद्धा ती अंथरुणाकडे तोंड करून बसे. तिचा नवरा, श्रीमंत, नातेपुत्याकडे दुष्काळी कामावर ओव्हरसियर होता. त्याला रजा मिळत नव्हती.

घरातले नियम बदलले. चपला बाहेर. मोठ्यानं बोलायचं नाही. भाजी नुसती उकडलेली. कस्तुराबाई रोज सकाळी पाटापुढे दहीभाताची वाटी ठेवून म्हणत, "बाई, गोड मानून घ्या. लेकरू लई ल्हान हाय. दमानं घ्या." त्यांच्यामागून महानंदालाही म्हणावं लागे. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं ती म्हणून टाकी.

एका दुपारी कस्तुराबाई नळावर रांगेत असताना गौराला धाप लागली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. महानंदानं भिंतीवर मुठी आपटल्या. पलीकडे शेजारीण रत्नम्माचा हातमाग थांबला.

"टांगा आणते, अक्का. तू पोरीला गुंडाळ," दारातूनच सांगून रत्नम्मा पळाली.

मागाची खटखट बंद पडल्यावर खोलीत फक्त तो श्वास उरला. चादर ट्रंकेत होती, ट्रंक मागच्या भिंतीला. तिथवर जायचं म्हणजे पोरीकडे पाठ करायला हवी. महानंदाला उठताच येईना.

तिनं पाटाकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, आणि प्रतिज्ञेचे शब्द काही आठवेनात. "मला काही सुचत नाही हो. तुम्ही बसा जरा हिच्यापाशी. मी चादर काढते."

मग ती उठली. पाठ करून ट्रंक उघडली, चादर शोधली, झटकलीसुद्धा.

दवाखान्यात इंजेक्शनं झाली. छाती मोकळी झाली, हळूहळू ताप उतरला, अंगावरचा लाल रंग काळपट पडून कोंडा झडू लागला. आता कस्तुराबाई घरात नसल्या की महानंदा पाटाशी काहीबाही बोले. नळ आज लवकर गेला. ह्यांचं पत्र नाही. उत्तराची ती वाट पाहत नसे.

बाईंना निरोप द्यायचा दिवस आला. गौराला कडेवर घेऊन दोघी गल्लीच्या टोकाला लिंबाखाली गेल्या. पानावर दहीभात ठेवला, खण-नारळानं ओटी भरली. कस्तुराबाईंनी हात जोडले.

"बाई, सुखानं जावा. काय चुकलं आसंल तर पदरात घ्या."

महानंदानंही हात जोडले.

"पुन्हा या हं," ती म्हणाली.

कस्तुराबाईंचे जोडलेले हात तसेच राहिले.

"अगं! कुनाला काय म्हनतीस? डोकं ठिकानावर हाय का? पोरगी कडंवर हाय तुज्या!"

पाहुण्यांना दारापर्यंत सोडताना जे तोंडी येतं, तेच आलं होतं. आता छातीत धस्स होणार म्हणून महानंदा वाट पाहत राहिली. झालं नाही.

"घरी या," तिनं पानाकडे बघत सावकाश सांगितलं. "हिच्या अंगात नको. नुसत्या बसायला या."

कस्तुराबाईंनी गौराला आपल्या कडेवर घेतलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता चल. मागं वळून बघू नगंस."

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा कस्तुराबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. महानंदानं स्टोव्हला पंप मारला, तेल तापवलं. मोहरी तडतडली, किती दिवसांनी घरभर वास सुटला. तेवढ्यात मागं गौरा खोकली.

महानंदाचा हात थबकला. पुन्हा एकदा खोकला आला.

तिच्या शेजारचा पाट उचलायचा अजून राहिलाच होता.

तिनं मागं न बघता कढीपत्ता टाकला आणि वरण फोडणीत ओतलं.