हुंगणारी मावशी आणि मी

मी एक जुनी, रंगवलेली भिंत आहे. भिंतीला कान असतात असे तुम्ही ऐकले असेल. असतात, मित्रांनो. तोंड मात्र नसते. म्हणून एका बाईची माफी मागायची माझी राहून गेली.

मला एका चित्रकाराने आणि त्याच्या बायकोने घडवले. ती रंग वाटून तो भिंतीला धरावा म्हणून त्यात चिकट सरस कालवायची, तो शिडीवर चढून रंगवायचा. तळे झाले, तळ्याकाठी सात हरणे झाली. सातव्याचे तोंड त्याने तीनदा पुसून पुन्हा काढले, तेव्हा बायको खालून म्हणाली, "अहो, ते बिचारं पाणी पिणार तरी कधी?"

पुढे त्या दालनात वाचनालय आले. वाचता वाचता लोक मान वर करून माझ्याकडे बघत. मग माना खालीच राहू लागल्या आणि माझ्या पुढ्यात मोडक्या खुर्च्यांची चळत लागली.

अशात नवे व्यवस्थापक आले. माणूस जिभेवर साखर ठेवून बोलणारा. "हे आमचं वैभव!" म्हणून ते पाहुण्यांना मला दाखवत. त्यांनी माझ्यावर व्हार्निशचा हात मारून घेतला. मी अशी लखलखले की स्वतःवरच भाळले.

दालनाची झाडलोट एक मावशी करायची. रोज सकाळी कोणी यायच्या आत ती माझ्याजवळ येई, मागेपुढे पाही आणि चक्क मला हुंगे. कधी खाली वाकून, कधी स्टुलावर चढून. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भिंतच मी, पालीला जागा शोधावी लागली नाही! हिचा काहीतरी डाव आहे, असे मी धरूनच चालले.

वर्षाच्या आत सातव्या हरणाच्या मानेवर काळा ठिपका उठला. मग दुसरा. मग करडी, मऊ लव पसरली. बुरशी! सरस म्हणजे तिचे आवडते खाणे.

व्यवस्थापक मावशीवर कडाडले, "ओला फडका मारता ना तुम्ही भिंतीला?"

"नाही हो साहेब. दहा वर्षांत मी तिला बोटसुद्धा लावलं नाही."

"मग काय आभाळातून पडली बुरशी? आजपासून या दालनात पाऊल टाकायचं नाही. चौकशी होऊ दे, मग नोकरीचं बघू."

मावशी झाडू घेऊन बाहेर गेली आणि मला, खरे सांगते, बरे वाटले.

पण ती गेल्यावरही ठिपके वाढतच राहिले. सातव्या हरणाचे तोंड पोपडा होऊन गळून पडले. तरी माझा हेका कायम. लपूनछपून येत असेल, मी म्हणे.

शेवटी मला चुन्याने पांढरे फासून टाकायचे ठरत होते. त्याआधी एकदा दाखवून घ्यावे म्हणून जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्या बाईंना बोलावले. तोंडाला मास्क, हातात कापसाची काडी. ही माझा रंग चोरून नेणार, असे मला वाटले. पण बाईंनी माझ्यावर तळहात ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इतकी गार? इथे रोज कोण असतं?"

"एक मावशी होती. तिनेच तर हा घोळ केलाय," व्यवस्थापक म्हणाले.

बाईंनी मावशीला बोलावून घेतले. मावशी दारातच थांबली.

"मावशी, या भिंतीत काही फरक जाणवला होता का?"

"वास, बाई. कुबट. मी रोज हुंगून बघायची, वाढतोय का. पलीकडे साहेबांसाठी हात धुवायची मोरी झाली ना, तेव्हापासून येतोय."

"मग सांगितलं नाही कुणाला?"

"साहेबांना सांगितलं. दोनदा. ते म्हणाले, जुन्या वस्तूला जुना वास यायचाच."

व्यवस्थापक खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंनी पलीकडच्या मोरीच्या भिंतीवरची फरशी उखडायला लावली. माझ्या अंगात दडवलेला नळ सांध्याला थेंब थेंब गळत होता. ओल पाठीतून शिरत होती आणि पुढून व्हार्निशने तिची वाट बंद केली होती. ज्या चकाकीवर मी भाळले, तिनेच माझा श्वास कोंडला होता.

मोरी गेली, खिडक्या उघडल्या. मला सुकायला आठ महिने लागले. बाईंनी मऊ कुंचल्याने बुरशी उतरवली, व्हार्निश बोटभर, बोटभर काढले. हरणाचे तोंड नव्याने रंगवा म्हणून व्यवस्थापक मागे लागले, तर बाई म्हणाल्या, "जे गेलं ते गेलं. खोटं तोंड मी लावणार नाही." मावशी दालनात परत आली. तिला कोणी 'चुकलो' म्हटले नाही. मी म्हटले असते.

मित्रांनो, जुन्या चित्राला हात लावू नका, त्याला हवा मिळू द्या, हे तर तुम्ही कराच. पण जिथे जाल तिथे त्या खोलीत झाडू मारणाऱ्या माणसाला आधी विचारा, "काही वेगळं वाटतंय का?" आणि त्याने सांगितले, तर ऐका.