कोयनेलच्या चार गोळ्या
त्या आश्विनात गुंजवण्यात घरटी एक तरी माणूस घोंगडीखाली कुडकुडत होतं, त्यामुळे बनाबाईच्या हिवतापाचं कुणाला विशेष वाटलं नाही. तिलाही वाटलं नसतं. भात पिकून उभं होतं आणि कापायला माणसं नव्हती. दुपारी हीव भरलं की बांधावर आडवं व्हायचं, घाम सुटला की पुन्हा विळा उचलायचा, एवढं ती शिकली होती. तिचा जीव अडकला होता तो दुधात. पाच महिन्यांची पोर अंगावर पीत होती, आणि आधीची दोन्ही पोरं वर्षाची व्हायच्या आतच गेलेली.

सासू फुलाबाई बोलायला कडक, पण नातीवर जीव टाकणारी. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "तापाच्या दिशी पाजू नगंस, बने. अंगात आसंल त्येच दुधात उतरतं."

बनाबाईला हे नवं नव्हतं. तिची आईही हेच सांगायची. ताप एक दिवसाआड यायचा, त्या दिवशी ती दूध पिळून टाकायची. तेही ओढ्याच्या वाहत्या पाण्यात, कारण जमिनीवर सांडलेल्या दुधाला मुंग्या लागल्या तर पान्हा जातो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पाय लटपटतायत, दात वाजतायत, आणि ही बाई दगडावर बसून आपलंच दूध वाहून जाताना बघतेय. पोर घरात पेजेच्या पाण्यावर रडून रडून झोपायची.

नवरा सावळाराम वेल्ह्याच्या बाजारला गेला, तेव्हा तिथे आलेल्या कंपाउंडरने त्याला हिवतापावरच्या कोयनेलची पुडी दिली. रोज एक गोळी, आठ दिवस, खाडा करायचा नाही. अंगावर पिणाऱ्या पोरीचं सावळारामने विचारलं नाही आणि कंपाउंडरने सांगितलं नाही. पुरुषांना ते सुचणार तरी कुठून?

दोन गोळ्यांतच बनाबाईच्या कानात भुंगे गुणगुणायला लागले. तिसऱ्या दिवशी तापाची पाळी होती, पण ताप आला नाही. सावळाराम खूश झाला. फुलाबाईने मात्र सुनेच्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप ग्येला न्हाई, वर चढलाय. म्हून कान वाजत्यात," ती म्हणाली. "कोयनेल म्हंजी जळता इस्तू. दूध कढत झालं आसंल. गोळी खाशील त्या दिशीबी पाजू नगं."

चौथी गोळी गिळून बनाबाई ओढ्यावर बसली. सलग दोन दिवस पोर तिच्या छातीला लागली नव्हती. छाती दगडासारखी ठणकत होती. तापाच्या दिवशी दूध बाधणार आणि गोळीच्या दिवशी पोळणार, मग पोरीला पाजायचं कधी? तिला इतकं थकल्यासारखं झालं की उठून घरी जायचंही जिवावर आलं. तरी ती गेली.

"आत्याबाई, गोळ्या बंद करते," ती म्हणाली. "ताप ऱ्हाऊ द्या. एक दिसाआड तरी पोरगी माज्यापाशी."

ताप परत आला. तिने तोही कुरकुर न करता घेतला. मोकळ्या दिवशी पोरीला मांडीवर घेतलं की तिला सगळं विसरायला व्हायचं. पण दूध कमी होत चाललं. कापणी उरकेपर्यंत पोर ओढून ओढून दमायची आणि चिडून तोंड फिरवायची. शेळीचं दूध पाणी घालून दिलं, ते तिला पचलं नाही. पौषात ती गेली.

कुणी बनाबाईला लागेल असं बोललं नाही. फुलाबाई भिंतीला टेकून रडली आणि एकदाच म्हणाली, "त्या चार गोळ्यांनी घात केला." बनाबाईला ते पटलं. ओढ्याचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही, तिच्याही नाही. गोळ्या तिने स्वतःच्या हाताने गिळल्या होत्या, हे तिला जेवताना आठवायचं आणि घास तोंडातच राहायचा.

पुढच्या आश्विनात शेजारची धोंडाबाई हिवतापाने पडली. दोन महिन्यांची बाळंतीण. उशाशी कोयनेलची पुडी होती.

"वैनी, तुमी खाल्लेल्या न्हवं ह्या?" तिने विचारलं. "खाऊ का?"

बनाबाईला बोलण्याचाही कंटाळा आला होता. वर्षभर तिला सगळ्याचाच कंटाळा होता. पण धोंडाबाईची तिला माया होती. ती तिच्या अंथरुणाशी बसली.

"म्या चार खाल्ल्या," ती म्हणाली. "तू एकबी खाऊ नगंस."

धोंडाबाईने मान हलवली. कुणीतरी वेळेवर सांगितलं, म्हणून तिला हायसं वाटलं.