कंडक्टरबाईंची बदली

“अहवाल तयार आहे मॅडम, फक्त त्या कुटुंबाला भेटायचं तेवढं राहिलंय,” टायपिस्टबाई म्हणाली आणि दोन पानं टेबलावर ठेवून उभी राहिली.

मॅडम तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पण त्या शिकवणाऱ्या आणि ही शिकणारी, म्हणून ‘मॅडम’. त्यांनी पानं वाचली. वाचताना त्यांची एक भुवई जी वर चढली ती खाली यायलाच तयार होईना.

“भेट उद्या आहे ना, ताई?”

“उद्या अकराला.”

“आणि इथं लिहिलंय, ‘रुग्णाशी बोलण्याचा प्रयत्न केला, परंतु प्रतिसाद मिळाला नाही.’”

“कधीच मिळत नाही,” टायपिस्टबाई म्हणाली.

आता यात तिचा तरी काय दोष? सत्तावीस वर्षं ती समाजकल्याणच्या याच ऑफिसात बसून लोकांच्या घरांचे अहवाल टाईप करत होती. खोटं वाटेल, पण ‘संवादाचा अभाव’ हे दोन शब्द तिने इतक्या वेळा बडवले होते, की मशीनवरची ‘अ’ची कळ झिजून गुळगुळीत बटण झाली आणि दुरुस्तीवाला ती काढून स्वतःच्या शर्टाला लावून गेला. पुढे मशीन गेली, साहेब लोक आपलं आपण टाईप करू लागले, टायपिस्टची जागा रद्द झाली. ऑफिसने सांगितलं, घरी बसा, नाहीतर दोन वर्षं समाजकार्य शिका. माणसांबरोबर, कुटुंबांबरोबर कसं काम करायचं ते शिका. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती वर्गात जाऊन बसली. सगळा वर्ग तिला मावशी म्हणायचा. तिला त्याचं ना सुख ना दुःख.

सुखदुःखाचा तो भाग तिच्यात केव्हाच बंद पडला होता. नवरा गेला त्या संध्याकाळी सगळे रडत होते आणि हिच्या डोक्यात एक ओळ आपोआप टाईप झाली होती: ‘पतीचे निधन, कुटुंबात सदस्यसंख्या एक.’ खालचा पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी.

“अहवाल छान आहे,” मॅडम म्हणाल्या. “एकही चूक नाही. आणि एकही माणूस नाही. तिथं नवरा, बायको आणि सून अशी तीन माणसं भेटतील ना? तिघांना एकच प्रश्न विचारा. तुम्हाला काय हवंय? ते जे बोलतील तेच लिहा. आपला शब्द घालायचा नाही.”

“समिती शुक्रवारी बसणार आहे, मॅडम. संस्थेत खाट एकच आहे.”

“म्हणून तर. तिथं नेलं तर त्या आजारी बाईंचं घर सुटणार. निदान त्यांना विचारून तरी सुटू दे.”

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. नवरा रिटायर्ड बस ड्रायव्हर, बायको त्याच बसची कंडक्टर. एकतीस वर्षं एका गाडीवर. आता बायकोला विसरण्याच्या आजाराने गाठलं होतं. मुलगा आणि सून चार गल्ल्या सोडून राहत. तिला अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवा, असा अर्ज त्यांनी केला होता, आणि ड्रायव्हर सही करायला तयार नव्हता.

मुलगा कामावर गेला होता. दार सुनेने उघडलं. “या. जपून या, गाडी चालू आहे.”

टायपिस्टबाईला वाटलं, ही काहीतरी टोमणा मारतेय. पण आत खरोखरच गाडी चालू होती. खोलीत चार खुर्च्या एकामागे एक लावलेल्या. पुढच्या स्टुलावर सत्तरीचा ड्रायव्हर खाकी शर्ट घालून, हातात पातेल्याचं झाकण धरून बसलेला. मागे खिडकीपाशी एक किरकोळ म्हातारी, खांद्यावरून आडवी पिशवी.

“पुढचा स्टॉप बाथरूम!” ड्रायव्हर ओरडला आणि त्याने झाकण डावीकडे फिरवलं.

म्हातारीने चमच्याने पेल्यावर एक टोला दिला. टण्ण. मग आपली आपण उठली, बाथरूममध्ये गेली, पाच मिनिटांनी तोंड धुऊन आली, जागेवर बसली आणि दोन टोले दिले. गाडी पुढे निघाली.

“दुसऱ्या कुणी ‘चला आई’ म्हटलं की जागची हलत नाही,” सून हळूच म्हणाली. “मी एकदा दंड धरला तर चावली. बाबांनी घराचा पार डेपो केलाय. जेवण हा स्टॉप, गोळ्या हा स्टॉप. ती त्यांना नवरा म्हणून ओळखत नाही हो. ड्रायव्हर म्हणून ओळखते.”

टायपिस्टबाईने वही काढली. “तुम्हाला काय हवंय?”

सुनेला असं कुणी विचारेल असं वाटलं नसावं.

“मला दोघं हवीत,” ती म्हणाली. “आईची पहिली फेरी पहाटे चारला सुटते. बाबांना रात्रीची जेमतेम दोन तास झोप मिळते. गेल्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन पडले, कपाळाला सहा टाके. परवा गॅस तसाच चालू. लोक म्हणतील, सुनेने सासूला काढली. म्हणू देत. मला एक तरी माणूस शिल्लक हवंय.”

टायपिस्टबाईने ते जसंच्या तसं लिहिलं. मग ती ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला काय हवंय, काका?”

“चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये,” तो झाकणावरची नजर न काढता म्हणाला. मग स्वतःच हसला. “काही नको. जे चाललंय ते चालू द्या. सुनेने सांगितलं असेल, मी मरायला टेकलोय म्हणून. टेकलो तर टेकलो. एकतीस वर्षांत माझ्या गाडीवरून तिची बदली मी होऊ दिली नाही. दोनदा ऑर्डर निघाली, दोन्ही वेळा मी साहेबाच्या टेबलावर जाऊन बसलो. उठलोच नाही. शेवटी साहेब म्हणाला, टेबल ने, कंडक्टर ने, पण तू ऊठ.”

“मग?”

“टेबल परत केलं.” तो स्टुलावरून उठला. “चहा घेता ना? दहा मिनिटं विश्रांती!”

तो आतल्या खोलीत गेला. टायपिस्टबाई म्हातारीच्या मागच्या खुर्चीवर बसली. विचारायचं आणि निघायचं, इतकंच तिच्या डोक्यात होतं.

“कंडक्टरबाई, तुम्हाला काय हवंय?”

म्हातारी मागे वळली. तिने हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही ऑफिसच्या का?”

“हो.”

“बरं झालं आलात. कुणी विचारतच नाही.” तिने आवाज खाली आणला. “त्या ड्रायव्हरला सुट्टी द्या. माणूस चांगला आहे. तोंडाने बोलत नाही, पण पार पिचलाय. डबल ड्यूटी करतोय किती दिवस. घरी त्याची बायको वाट बघत असेल.”

आतला कपबशांचा आवाज थांबला.

“आणि तुमचं काय?” टायपिस्टबाईने विचारलं. हा प्रश्न मॅडमनी सांगितलेला नव्हता.

“मला बदली द्या. दुसऱ्या गाडीवर टाका. मी काय, कुठेही काम करीन.”

ड्रायव्हर दारात येऊन उभा होता. हातात दोन कप. “कंडक्टरबाई,” तो म्हणाला, “माझी बायको गावाला गेलीय. घरी वाट बघणारं कुणी नाही.”

“मग तर जाच,” म्हातारी त्याच्यावर डाफरली. “ती परत येईल आणि घराला कुलूप बघेल. बाईमाणसाला कसं वाटतं ते तुम्हाला काय कळणार?”

सून तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. ड्रायव्हरने कप खाली ठेवले. एक टायपिस्टबाईपुढे, एक कंडक्टरबाईपुढे. बराच वेळ तो त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “फॉर्म आणलाय का?”

तिने फॉर्म दिला. त्याने चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. सही करताना त्याने मोठ्याने विचारलं, “तिथल्या लोकांना सांगाल ना? हिला ‘चला आई’ म्हणायचं नाही म्हणून?”

“लिहिते,” टायपिस्टबाई म्हणाली आणि लिहिलं.

नवा अहवाल अकरा पानांचा झाला. पहाटे चारला फिरणाऱ्या झाकणापासून टेबल परत करण्यापर्यंत सगळं त्यात होतं. मॅडमनी तो दोनदा वाचला. मग जुना काढून शेजारी ठेवला.

“शेवटची ओळ दोन्हीत तीच आहे, ताई. ‘संस्थेत दाखल करावे.’”

“हो.”

“मग फरक काय पडला?”

टायपिस्टबाईने विचार केला. “टाईप करायला वेळ लागला.”

“आणि तुम्हाला काय वाटलं, तिथं बसल्यावर?”

“काही नाही,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

सोमवारी संस्थेची गाडी आली. सून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहिली, खाली आली नाही. टायपिस्टबाई पुढे, संस्थेच्या चालकाशेजारी बसली. मागच्या सीटवर आधी म्हातारी बसली आणि मग ड्रायव्हर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एवढ्या आयुष्यात तो कुठल्याही गाडीत मागे बसला नव्हता. दार कुठून ओढायचं हेही त्याला चटकन सापडलं नाही.

गाडी सुटली. संस्थेचा चालक पोरगेलासा होता, वळणं जरा जोरातच घ्यायचा. प्रत्येक वळणाला म्हाताऱ्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. टायपिस्टबाईला ते मागे वळून पाहताना दिसलं. तिने चालकाला सांगितलं, हळू घ्या.

म्हातारीने एकदा शेजारी पाहिलं. पांढऱ्या शर्टातला हा माणूस तिला माहीत नव्हता. अनोळखी पुरुष शेजारी बसल्यावर बायका करतात तशी तिने पिशवी मांडीवर ओढली, साडी सावरली आणि अंग चोरून खिडकीकडे सरकली.

ड्रायव्हरने ते पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तिला नीट ऐसपैस बसता यावं म्हणून, तो दाराला चिकटून बसला.