जावयाचा कापूसतोंड्या

अक्कलकोटजवळ महादेवप्पांच्या शेतात मोठी विहीर आहे. त्यांचा जावई शरणबसव बऱ्याच वर्षांनी अमेरिकेहून आला, तेव्हा ते त्याला पहिल्याच सकाळी पोहायला घेऊन गेले. शरणबसव शेवटच्या पायरीपर्यंत उतरला, पाण्यात त्याला साप दिसला आणि तो तसाच कोरडा वर आला.

"विरोळा हाय ओ, जावईबापू. त्याला इष नसतं. बेडकं खातो बिचारा," महादेवप्पा म्हणाले.

पण शरणबसव राहायचा फ्लोरिडात, घरामागंच तळं. "आमच्याकडचा पाण्यातला साप विषारी असतो, मामा. सगळं अंग वर तरंगवत येतो. माणूस दिसला तरी पळत नाही. वेटोळं घालतो, शेपूट थरथरवतो आणि आ वासून बसतो. तोंड आतून पांढरंफेक, कापसासारखं. नावच कापूसतोंड्या."

"आणि चावतो कवा?"

"आधी नुसतं तोंड दाखवतो. तरीही आपण हटलो नाही, तर मग चावतो."

महादेवप्पांना हे लई आवडलं. दुपारपर्यंत गल्लीतली माणसं ओसरीवर जमली. शेजारचा जीपवाला बडेसाब म्हणाला, "करून दाखवा की, दाजी."

शरणबसवनं मांडी घातली, एक हात पाठीमागं नेऊन शेपटीसारखा थरथरवला, मान मागं टाकली आणि जमेल तेवढं तोंड उघडलं. कट्ट असा आवाज झाला. जबडा अडकला.

लोक खूश झाले. बडेसाबनं टाळ्या वाजवल्या.

"बगा, हलत न्हाय जागचा," महादेवप्पा कौतुकानं म्हणाले.

"आ... आ..." शरणबसव म्हणाला.

"वरडतोबी व्हय?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा त्याची बायको चंद्रिका पुढं आली. "अप्पा, ह्यांचं तोंड मिटत नाहीये."

बडेसाबनं जीप काढली. सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत शरणबसव मागच्या सीटवर आ वासून बसला होता. माश्या जाऊ नयेत म्हणून चंद्रिकानं तोंडावर पदर धरला.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "काय झालं?"

"साप," महादेवप्पा म्हणाले.

एकदम धावपळ उडाली. शरणबसवला आडवं केलं, त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत सरकवले. डॉक्टर पायावर दंश शोधत म्हणाले, "साप पाहिलाय का कुणी? कुठंय तो?"

"फ्लोरिडात."

डॉक्टर थांबले. चंद्रिकानं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी भिंतीकडं तोंड करून हसून घेतलं. मग अंगठ्यांना कापडाची पट्टी गुंडाळली, ते त्याच्या दाढांवर ठेवले आणि जबडा खाली दाबून मागं ढकलला. पुन्हा कट्ट. तोंड मिटलं.

"टाळ्या कोण वाजवत होतं?" शरणबसवनं पहिल्यांदा हेच विचारलं. बडेसाब जीपला पाणी घालायला निघून गेला.

घरी सासूबाईंनी, सुंदरम्मांनी, जावयाच्या हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलं आणि त्याला दुधात कुस्करलेली भाकरी भरवायला घेतली. तेवढ्यात दुपारी शेतावर असलेली मंडळी साप बघायला आली. त्यांना निराश कसं करायचं, म्हणून महादेवप्पांनी स्वतःच मांडी घातली, हात थरथरवला आणि तोंड उघडलं. आत पानाचा लालभडक रंग.

"मामा, ह्यात कापूस कुटं हाय?" कुणीतरी वाकून विचारलं.

महादेवप्पांनी तोंड मिटून नीट विचार केला. "ह्यो आपल्याकडचा हाय," ते म्हणाले.

शरणबसवला हसू आवरेना. सुंदरम्मांनी वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याचा जबडा गच्च धरला.