दुसरी खुर्ची

चष्मेवाल्याचा दिवस एकाच प्रश्नात जायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काच सरकवायची आणि विचारायचं, "आधीचं बरं, की हे?" कधी गंमत म्हणून तो तीच काच पुन्हा घालायचा. "हां, आता कसं लख्ख!" गिऱ्हाईक खूश. चष्मेवाला गालातल्या गालात हसायचा, आणि घरी जाऊन स्वतःच तसलं गिऱ्हाईक व्हायचा.

घरी अॅम्प्लिफायर बदलून झाला, वायरी बदलून झाल्या, वायरींखाली लाकडी ठोकळेही आले. गाणं पहिल्या कडव्यापुरतंच लावायचं. तेवढ्यात आवाज तपासून होई. बायको गेली, तिचं कपाट रिकामं केलं, तेव्हापासून आवाज घुमतो, असं त्याने स्पीकरच्या दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराने लगेच निदान केलं : स्पीकर बदला. नवी जोडी संध्याकाळी येणार, जुनी जाणार. फोनवर फक्त हो म्हणायचं होतं.

दुपारी धाकटी बहीण आली. खोलीत खुर्ची एकच, बरोबर मधोमध; पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा.

"मी बसू कुठे, दादा? न्हाव्याकडेसुद्धा बाकडं असतं रे!"

"तूच बस त्यावर. हलवू नकोस फक्त. आवाज तिथेच नीट येतो."

"मग वहिनी कुठे बसायची?"

"तिची खुर्ची आवाज अडवायची. गॅलरीत ठेवली. ती स्वयंपाकघरातून ऐकायची."

"आणि तिला चालायचं?"

"काहीही नवं आणलं की मी इथून ओरडून विचारायचो ना, कसं वाटतंय? म्हणायची, आधीपेक्षा छान."

बहीण खुर्चीच्या कडेवर टेकली.

तबकडी लावून तो चहा टाकायला आत गेला. ओट्याशी उभा राहिला आणि थबकला. भिंतीपलीकडून नुसती धपधप येत होती, शेजारी कोणी गादी झोडपावी तशी. शब्द एकही नाही. त्याने कान दिला, दाराशी गेला, परत ओट्याशी आला. धपधपच.

आधीपेक्षा छान. इतकी वर्षं तो तिच्यापुढे तीच काच सरकवत होता.

चहा उतू गेला.

बहीण गेल्यावर त्याने गॅलरीतली खुर्ची आणली, धूळ पुसली. ती मावेना म्हणून आपली खुणांवरून सरकवली. तेवढ्यात फोन वाजला.

"गाडी निघतेय, साहेब. पाठवू ना?"

जीभ 'हो'पर्यंत आली होती. "नको."

"अहो, आवाजात राम उरला नाही म्हणत होतात!"

"जागा नाही. खुर्च्या दोन झाल्यात."

"अरे वा! पाहुणे आलेत वाटतं?"

"नाही," म्हणून त्याने फोन ठेवला.

तबकडी पुन्हा लावली. आवाज एका कुशीवर पडल्यासारखा येत होता. पहिलं कडवं संपलं. तो उठला नाही. दुसरं सुरू झालं, तेव्हा सवयीने त्याची मान स्वयंपाकघराकडे वळली, मग शेजारच्या खुर्चीकडे.

विचारलं मात्र त्याने काही नाही.